आधी भेग पाहा, मग धूर: पृथ्वी विज्ञान मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि डीप ओशन मिशनच्या नियोजनात असलेले सर्व मान्यवर,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त भूशास्त्र शिक्षक. उभ्या आयुष्यात मी बोटीतून दाभोळच्या खाडीपलीकडे फारसा गेलेलो नाही. तरीही खोल समुद्राविषयी आपल्याला लिहितो आहे. सप्टेंबर 2025 मध्ये कार्ल्सबर्ग कटकावरच्या (कटक म्हणजे समुद्राखालची लांब पर्वतरांग) सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त धातूंच्या, खनिजांच्या शोधासाठी भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती आपल्यापर्यंत वेळेत पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

करार 10,000 चौरस किलोमीटरचा आणि 15 वर्षांचा. यापूर्वी 2016 मध्ये मध्य हिंदी महासागरी आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरी कटकांसाठी असाच करार झाला. सल्फाइडसाठी असे दोन करार हाती असलेला भारत हा पहिला देश, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. बातम्यांत बहुधा येत नाही तो भाग पुढचा आहे. नियमाप्रमाणे आठव्या वर्षाच्या अखेरीस निम्मे आणि दहाव्या वर्षाच्या अखेरीस तीन चतुर्थांश क्षेत्र प्राधिकरणाला परत द्यावे लागते. म्हणजे हाती राहणार 2,500 चौरस किलोमीटर. कोणता चतकोर ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हा खरा निर्णय. तो चुकला तर पुढची सगळी जहाजे, यंत्रे आणि माणसांची मेहनत चुकीच्या जागी लागेल.

माझे म्हणणे एवढेच: हा चतकोर धुराच्या, म्हणजे तळावरच्या गरम झऱ्यांतून निघणाऱ्या काळ्या लोटांच्या, मागे जाऊन ठरवू नका. समुद्राचा तळ कुठे, कधी आणि किती वेगाने फाटला, ते वाचून ठरवा.

संगमेश्वर तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत तुरळ आणि राजवाडी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. दर डिसेंबरात मी विद्यार्थ्यांना तिथे नेत असे. तुरळच्या पाण्यात हात फार वेळ धरवत नाही. गंधकाचा वास नाकात बसतो, कुंडाच्या दगडावर पिवळसर-पांढरा थर आलेला असतो आणि काठाच्या फटीतून बारीक बुडबुडे वर येत राहतात. एका वर्षी एका मुलीने तो थर नखाने खरवडला, वास घेतला आणि विचारले, "सर, समुद्राच्या तळाशी असंच गरम पाणी येतं आणि तिथे तांबं साठतं म्हणता. मग इथे तांबं का नाही?"

त्या क्षणी मी दिलेले उत्तर पुरते नव्हते. पुढची काही वर्षे तेच उत्तर नीट करत होतो.

राजापूरच्या 'उन्हाळे' या गरम झऱ्यापासून वर पालघर जिल्ह्यापर्यंत, साधारण 350 किलोमीटरच्या पट्ट्यात, किनाऱ्याला समांतर अशी ही कुंडे ओळीने आहेत. पाणी मुख्यतः पावसाचेच. ते भेगांतून खोल उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्या भेगा आल्या कुठून? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला. त्यानंतर काही काळात आपला पश्चिम किनारा ताणला गेला आणि सेशेल्सची बेटे जिच्यावर आहेत ती भूमी भारतापासून तुटून गेली. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर ग्रॅनाइट सापडतो तो यामुळेच. ते एका खंडाचे तुकडे आहेत. पनवेलजवळ बेसाल्टचे थर समुद्राकडे कललेले दिसतात आणि किनाऱ्यालगत बेसाल्टच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, दिसतात. त्या ताणाच्या या खुणा. भूशास्त्रज्ञ कुंडांच्या भेगांचा संबंधही त्याच ताणाशी जोडतात. आणि भारत व सेशेल्स यांच्यामध्ये जो नवा समुद्रतळ उघडत गेला, त्याचा मधला सांधा म्हणजे कार्ल्सबर्ग कटक. आपण करार केला आहे तो याच सांध्यावर. फाटण्याची ती गोष्ट आमच्या किनाऱ्यावर सुरू झाली आणि आजही समुद्राखाली चालूच आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. भूकवच ताणले की पातळ होते आणि त्यात प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकून झालेल्या मोठ्या भेगा, पडतात. कवचाखालचा तप्त थर, म्हणजे प्रावरण, वर सरकते, दाब कमी झाल्याने त्याचा काही भाग वितळतो आणि तळाखाली काही किलोमीटरवर शिलारस येऊन थांबतो. समुद्राचे पाणी भेगांतून खाली जाते आणि या उष्णतेपाशी 400 अंशांच्या आसपास तापते. वाटेत त्यातले मॅग्नेशियम खडकात अडकते, पाणी आम्लधर्मी होते आणि खडकातले तांबे, जस्त, लोह, गंधक विरघळवून घेते. वर दोन-तीन हजार मीटर पाण्याचा दाब असतो, म्हणून इतके तापूनही ते सहसा उकळत नाही आणि धातू धरून ठेवते. तळावर येऊन दोन अंशांच्या थंड पाण्यात मिसळले की धातू सल्फाइडच्या रूपात झटकन खाली बसतात. तीच ती काळी धुराडी. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ अशा गरम झऱ्यांचा पहिला शोध लागला आणि 1979 मध्ये पूर्व पॅसिफिक कटकावर साडेतीनशे अंशांहून गरम, काळा धूर ओकणारी धुराडी माणसाने पहिल्यांदा पाहिली.

तुरळला यातले अर्धेच जमते. भेग आहे, पाणी आहे. पण खाली शिलारस नाही, डोक्यावर समुद्र नाही आणि पाणी उकळत्या पाण्याइतकेही तापत नाही. इथली फाट कधीच थांबली. सांधा पश्चिमेला सरकला आणि उष्णता त्याच्याबरोबर गेली.

थांबलेली फाट म्हणजे वाया गेलेली फाट, असे मात्र समजू नये. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर, अरबी समुद्रात लक्ष्मी द्रोणी हा तळाचा खोलगट भाग आहे. तीही उघडता उघडता सोडून दिलेली जागा. तिच्या मधोमध रमण आणि पणिक्कर या नावांचे बुडालेले पर्वत आहेत. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने तिथे सुमारे 1,100 मीटर गाळ भेदून खालच्या बेसाल्टला हात लावला. त्या तळाचे कवच नेमके कोणत्या जातीचे, यावर अजून वाद चालू आहे. मला तो वाद फार मोलाचा वाटतो. कवच कोणत्या जातीचे हे कळले, की त्यात कोणते धातू असू शकतात हेही कळते.

याचा सर्वांत चांगला धडा जपानने जमिनीवरच लिहून ठेवला आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी जपानचा समुद्र उघडत होता. दोन फळ्यांचे दार उघडावे तसे जपानचे नैर्ऋत्य अंग एका बाजूला आणि ईशान्य अंग दुसऱ्या बाजूला फिरत गेले. त्याच काळात होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, आजच्या अकिता प्रांतातल्या होकुरोकू भागात, जमीन वेगाने खचून समुद्राचा तळ झाली आणि त्या तळावर कुरोको तयार झाले. कुरोको म्हणजे जपानीत काळे धातुक. हानाओका आणि कोसाका या खाणी त्याच्याच. खाली गारगोटीत सल्फाइडच्या शिरा, त्यावर तांब्याचे पिवळे धातुक, त्यावर जस्त, शिसे, चांदी आणि बॅराइटचे काळे धातुक, असा क्रम. जिथे पाणी सर्वांत गरम तिथे तांबे, बाजूला थंडावत गेले तिथे जस्त आणि शिसे. एवढे सुंदर थर कोणत्याही पुस्तकातल्या आकृतीत सापडायचे नाहीत.

माझ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडा थांबतो. जपानचा समुद्र लाखो वर्षे उघडत होता, पण होकुरोकूतले कुरोको त्या मानाने फार थोड्या काळात, फाटण्याच्या एका ठरावीक टप्प्यावर बनले. द्रोणी खचत होती, शिलारस उथळ जागी आला होता आणि भेगा पाण्याला वाट देत होत्या. हे सगळे एकाच वेळी जुळले. साठे सापडतात तेही मनाला येईल तिथे नाहीत. ते भेगांच्या रेघांवर, भेगा एकमेकींना छेदतात तिथे, लाव्हाच्या घुमटांच्या पायथ्याशी आहेत. त्यानंतर गाळ आणि राखेने ते झाकले गेले म्हणून टिकले. झाकले गेले नसते तर समुद्राच्या पाण्यातल्या ऑक्सिजनने ते गंजून गेले असते. पुढे भूपट्टांचा रेटा उलटला, द्रोणी दाबली गेली, वर उचलली गेली आणि समुद्राचा तळ खाणकामगारांच्या हाती आला. म्हणून धातुकाचा साठा पाहायचा तर आधी द्रोणीची जन्मकुंडली पाहावी लागते.

तांबड्या समुद्रात हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने घडते. तिथे अरबस्तान आणि आफ्रिका वेगळे होत आहेत आणि समुद्र अजून लहान वयाचा आहे. फाट रुंदावून नवा समुद्रतळ तयार होण्याआधी तिथे मिठाचे जाड थर साचले होते. गरम पाणी त्या मिठातून जाताना इतके खारट आणि जड होते, की तळाच्या खळग्यात तळ्यासारखे साठून राहते. उघड्या समुद्रात धुराड्यातून निघालेला बहुतेक धातू धुराबरोबर वाहून जातो. इथे तो खळग्यातच बसतो. म्हणून अटलांटिस दोन या खळग्यात सुमारे 9 कोटी टन धातुयुक्त चिखल आहे आणि 1979 मध्ये दोन हजार मीटर खोलीवरून तो प्रायोगिकरीत्या वर ओढूनही पाहिला गेला. जुन्या मिठाने एवढा फरक पडला. उघडणे एकच, पण नवा तळ उघडण्याआधी तिथे काय होते यावर पुढचे सगळे ठरते.

आता कार्ल्सबर्ग. हा मंद कटक आहे. वर्षाला साधारण अडीच-तीन सेंटीमीटर उघडतो. पॅसिफिकचे वेगवान कटक याच्या कित्येक पट वेगाने उघडतात. वेगवान म्हणजे धातू जास्त, असे प्रथमदर्शनी वाटते. माझ्या वर्गातही दरवर्षी बहुतेक हात त्याच उत्तरासाठी वर जात. प्रत्यक्षात उलट आहे. वेगवान कटकावर धुराडी पुष्कळ, पण लाव्हा वरचेवर येऊन त्यांना गाडतो आणि पाण्याच्या वाटा मोडतात. साठे लहान राहतात. मंद कटकावर कवच लाव्हापेक्षा मोठ्या, तिरक्या प्रस्तरभंगांवर सरकून ताण सोसते. अशी भेग हजारो वर्षे पाण्याची नळी बनून राहते. अटलांटिकमधला टॅग हा ढिगारा सुमारे 200 मीटर रुंद आणि 50 मीटर उंच आहे आणि तो जवळपास 50,000 वर्षे अधूनमधून जागा होत वाढला आहे. एवढा वेळ मिळाला म्हणून एवढा धातू. आपल्याला मंद कटक मिळाला ही भाग्याची गोष्ट आहे, पण त्याचा उपयोग मोठ्या भेगा वाचता आल्या तरच.

अडचण पुढे आहे. शोधमोहिमा बहुधा धूर शोधतात. पाण्यात उपकरण सोडायचे, गढूळपणा आणि तापमानातली बारीक वाढ मोजायची आणि धुराच्या मागोमाग धुराड्यापर्यंत जायचे. याने खूप काही मिळाले आहे. 2003 मध्ये कार्ल्सबर्गवर ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या मोहिमेला पाण्यातल्या मोठ्या धुराचा माग लागला. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत धुराड्याची छायाचित्रे घेतली. ती पाहताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण धूर फक्त जिवंत धुराड्यांकडे नेतो. विझलेल्या ढिगाऱ्यातून धूर येत नाही, आणि धातूचा मोठा वाटा विझलेल्या ढिगाऱ्यांतच आहे. ते आजच्या सांध्यापासून काही किलोमीटर बाजूला, सरकत गेलेल्या जुन्या तळावर, गाळाच्या पातळ पांघरुणाखाली पडून असतात. धुराच्या मागे गेलो तर ते कधीच दिसणार नाहीत आणि आठव्या वर्षी आपण कदाचित तेच क्षेत्र परत करून बसू.

त्यांना शोधायची रीत आहे. खडकातून गरम पाणी फिरले की त्यातल्या चुंबकीय खनिजांची मोडतोड होते, म्हणून ढिगाऱ्याच्या जागी चुंबकीय नकाशात खळगा दिसतो. सल्फाइडमुळे आसपासच्या पाण्यात विद्युतदाबाचा लहानसा फरक पडतो, तोही मोजता येतो. या सगळ्याआधी तळाचा असा नकाशा हवा, ज्यात एकेक प्रस्तरभंग स्पष्ट दिसेल, आणि तो फक्त मधल्या दरीचा नको. दोन्ही बाजूंना, विझलेल्या टेकड्यांपर्यंत हवा. माझी पहिली विनंती हीच. यंत्राच्या चाचण्यांइतकाच पैसा, वेळ आणि जहाजाचे दिवस या भेगांच्या नकाशासाठी राखून ठेवा.

धुराऐवजी भेगांकडे पाहण्याचे दुसरे कारण मला याहून जवळचे आहे. हिंदी महासागराच्या धुराड्यांवर एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात, धुराड्यात जे बनते त्याचेच चिलखत अंगावर घालून ती जगते. 2001 मध्ये, तीन भूपट्ट मिळतात त्या रॉड्रिग्ज त्रिसंधीजवळच्या काइरेई धुराड्यांवर ती सापडली आणि या महासागराखेरीज जगात कुठेही आढळलेली नाही. 2019 मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली; खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे अशी नोंद झालेला हा पहिला प्राणी. आपला करार शोधाचा आहे, उत्खननाचा नाही, हे मी जाणतो. पण शोध जिवंत धुराड्यांवर थांबला तर उद्या उत्खननाचा विचारही तिथूनच सुरू होईल. विझलेल्या ढिगाऱ्यांवर काहीच जगत नाही असे नाही, तिथलेही नीट पाहावे लागेल. तरी जिवंत धुराड्यांना हात न लावण्याचा निर्णय भारताने आजच, स्वतःहून जाहीर करावा, असे मला वाटते. घाईचा खर्च काय असतो तेही आपल्यासमोर आहे. पापुआ न्यू गिनीच्या मानुस द्रोणीत, सोळाशे मीटर खोलीवरच्या साठ्यासाठी 2011 मध्ये उत्खननाचा परवाना दिला गेला, यंत्रेही बांधून झाली; 2019 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या गरीब देशाने घातलेला पैसाही गेला.

अंदमानच्या समुद्राचेही थोडे सांगतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो (अधोगमन) त्याच्या मागे उघडलेला तो समुद्र, म्हणजे जपानच्या समुद्राशी नाते सांगणारा, आणि त्यात इरावतीचा गाळ जाड साचलेला. कार्ल्सबर्गच्या कौतुकात तो मागे पडू नये.

दुसरी विनंती जमिनीवरची. गुजरात-राजस्थानच्या सीमेवर अंबाजी-देरी येथे जस्त, शिसे आणि तांब्याचा साठा आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळावर असाच तयार झालेला, नंतर दाबला, तापवला आणि वर उचलला गेलेला. ज्या महाविद्यालयात मी शिकवले तिथे याचा मुठीएवढा एक तुकडा होता. नवीन मुलांच्या हातात तो ठेवला की हात आपोआप खाली जायचा, इतका जड. पैलूंवर शिशाची चकाकी, मध्ये मधाच्या रंगाचे जस्ताचे खनिज, कडेला तांब्याचा पिवळा ठिपका. समुद्राचा तळ असा हातात घेता येतो. पुढे विद्यार्थी कमी म्हणून तो विभाग बंद झाला आणि कपाटातले नमुने कुठे गेले ते मला विचारूनही कळले नाही. मत्स्य 6000 ही आपली पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेईल, तेव्हा खिडकीतून दिसणारा ढिगारा वाचू शकणारी माणसे आपल्याला हवीत. ती अंबाजीच्या खडकावर हातोडा चालवूनच तयार होतात. मिशनच्या निधीतला एक हिस्सा देशभरच्या महाविद्यालयांच्या क्षेत्रभेटींसाठी द्या. रक्कम जहाजाच्या एका दिवसाच्या खर्चापुढे नगण्य असेल.

शेवटची विनंती अगदी साधी. कराराच्या अटींत बसेल तेवढा तळाचा नकाशा लोकांसाठी खुला करा आणि त्याच्याबरोबर मराठीत, कोकणीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये चार पाने समजावून द्या. या फाटीच्या काठावर राहणारी माणसे या भाषा बोलतात.

येत्या डिसेंबरात काही जुने विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन तुरळला येणार आहेत. तो प्रश्न विचारणारी मुलगी आता शाळेत भूगोल शिकवते, तीही येणार आहे. कार्ल्सबर्गचा नकाशा तोपर्यंत मिळाला तर कुंडाच्या काठावर पसरून ठेवीन. तिला तिचे उत्तर पूर्ण करून द्यायचे आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक